रेघेखालचं बंदर

“मॅडम, इथे शेवटी काय टाकायचं?” ग्लेनिशाने स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं.

अनुजा आजगावकर त्या जागेकडे बघत राहिली. सगळं पुस्तक जुळून झालं होतं. मुखपृष्ठ झालं, कठीण शब्दांचे अर्थ झाले, मागे जोडायच्या गावोगावच्या लोककथाही झाल्या. अडलं होतं ते एका शब्दापाशी, आणि तो शब्द म्हणजे एका बंदराचं नाव.

ग्लेनिशाचा डीटीपीचा गाळा मालवणच्या बाजारात. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, चर्चच्या नोव्हेनाच्या पुस्तिका, पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींचे दरफलक, सगळं तिच्या हातून जायचं. जुन्या मराठीतलं एवढं मोठं काम तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं आणि पोरीने ते जीव लावून केलं होतं. ओवीतला एखादा अनुस्वार राहिला तर अनुजाच्या आधी तो तिच्याच डोळ्यांत खुपायचा.

“टिंबं टाकूया?” ती म्हणाली. “टिंबं दिसली की लोक समजतात, ह्यांना ठाऊक आहे पण सांगत नाहीत.”

“तसंच नको ना,” अनुजा म्हणाली. “ठाऊकच नाही, तर तसं कसं भासवू?”

अनुजा गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल. पण तिची खरी ओढ कीर्तनाची. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तिने जी कीर्तनं ऐकली, ती अजून तिच्या कानांतून गेली नव्हती. कुठल्या देवळात बुवा येणार असं कळलं की हिची चप्पल आधी त्या वाटेला लागायची. बुक्क्याचा वास आणि पेटीचा पहिला सूर एवढं मिळालं की दिवसभराचा शीण उतरला.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एक कपाट होतं. त्यात गावोगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं आणून दिलेल्या पोथ्या, छापील जुनी पुस्तकं आणि हरिदासांची बाडं होती. बाड म्हणजे हाताने लिहिलेली, वरच्या कडेला शिवलेली लांबट वही. कीर्तनाला निघताना बुवा ती काखेत मारत. एकदा पावसाळा संपता संपता कपाट उघडलं तर खालचे कप्पे वाळवीने भुसा करून ठेवलेले. अनुजा त्या भुशात हात घालून रडली होती. आणि डोळे पुसून झाल्यावर तिने ठरवलं, वाळवीपासून जे वाचलंय ते आजच्या अक्षरांत, आजच्या माणसाला समजेल असं छापून काढायचं. कपाट सांभाळणं हे सांभाळणं नव्हे. वाचलं जाईल तेच राहील.

पुस्तकाचा प्राण होता ‘तारू-आख्यान’, म्हणजे एका शिडाच्या जहाजाची कथा. शंभराहून अधिक वर्षांमागे पुरुषोत्तमबुवा नावाचे हरिदास ह्या किनाऱ्यावर रेडीपासून देवगडपर्यंत पडावातून फिरत आणि बंदराबंदरांत कीर्तन करत. हे आख्यान त्यांनीच रचलेलं. कथा अशी, की एका बंदरात देवळात बुवांचं कीर्तन रंगलंय. बाहेर वादळ. कोणीतरी कानाशी येऊन सांगतं, दाऊद नाखव्याचं तारू समुद्रात आहे, काळोखात खाडीचं तोंड त्याला सापडत नाहीये. कंदील वाऱ्यात टिकत नाही, मशाल पेट घेत नाही. आता कीर्तन संपलं, आरती झाली, की माणसं घरोघर जाणार आणि गाव मुकं होणार. तेव्हा बुवा काय करतात? ते कीर्तन संपवतच नाहीत. आख्यान लांबवतात, त्यातून दुसरं काढतात, दुसऱ्यातून तिसरं. आरतीचं तबक तसंच झाकून राहतं. गावातलं होतं नव्हतं ते माणूस देवळात येतं, ज्याला टाळ नाही तो तांब्या वाजवतो, आणि त्या गजराच्या रोखाने नाखवा सुकाणू धरून तारू आत आणतो. भिजलेल्या अंगाने देवळाच्या पायरीखाली उभा राहतो आणि म्हणतो, बुवा, आता आरती करा.

आणि तिथेच ती ओवी:

आरती राहिली तबकांतरीं । टाळ घुमती महाद्वारीं ।
तारूं लागलें —— बंदरीं । नामाचिया सादासवें ॥

ग्रंथालयातलं बाड मोडीत होतं. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि मग अक्षरं त्या रेघेला खालून लटकवत जातात. ह्या ओवीत ‘लागलें’ आणि ‘बंदरीं’ यांच्यामध्ये रेघ होती, पण तिच्याखाली अक्षरच नव्हतं. अनुजाला वाटलं, शाई उडाली. तिने भिंग लावलं. पान उजेडाला धरलं. कोल्हापुरात जुन्या कागदांचे खास प्रकाशात फोटो काढणारे कुणी आहेत असं कळलं, तर बाड सोवळ्यातल्या देवासारखं मांडीवर धरून एसटीने तिथे गेली. फोटोतही रेघेखाली काही निघालं नाही. तिकडच्या माणसाने सांगितलं, बाई, इतकी स्वच्छ शाई उडत नसते, बहुधा कोणीतरी खरवडली असेल. अनुजाला ते मनाला लागलं. बंदराचं नाव कोण खरवडेल, आणि का?

मग तिने दुसऱ्या प्रतींचा माग काढला, आणि प्रती मिळाल्या त्याच मुळी अडचण घेऊन.

एक प्रत निघाली रेडीला, बाबली मांजरेकरांकडे. त्यांच्या पणजोबांना ती बुवांनी स्वतः लिहून दिलेली. बाळबोध अक्षर, शेवटी बुवांची सही. त्या प्रतीत ओवीत स्पष्ट होतं, ‘तारूं लागलें रेडी बंदरीं’. बाबलींनी प्रत दिली, वर चहा दिला, आणि यशवंतगडाकडे हात करून ते तारू कुठून वळलं असेल तेही दाखवलं. जसं काही ते काल संध्याकाळी तिथेच उभे होते.

दुसरी प्रत देवगडला, जन्नतबींच्या घरी. मुसलमानाच्या घरी हरिदासाचं बाड कसं, असं कुणाला वाटेल. पण त्या घरचं म्हणणं, दाऊद नाखवा आमच्याच घराण्यातला, आणि बुवांनी आठवण म्हणून ही प्रत त्याच्या मुलाच्या हातात ठेवली. तेच अक्षर, तीच सही. आणि ओवीत, ‘तारूं लागलें देवगड बंदरीं’.

जन्नतबी ह्याच घराण्यात जन्मलेल्या, ह्याच घराण्यात दिलेल्या, ऐंशीला आलेल्या. त्यांचा मुलगा मुस्तफा हापूसच्या पेट्या मुंबईला धाडायचा आणि बर्फाची गाडी चालवायचा. घरातली शेवटची होडी विकून बरीच वर्षं झाली होती. समुद्रावर जाणारं आता त्या घरात कोणीच उरलं नव्हतं. अनुजाने प्रत मागितली तेव्हा म्हातारीने ती कापडातून सोडवून आधी स्वतःच्या डोळ्यांना लावली, मग दिली.

“घेवन जा गो बाय,” त्या म्हणाल्या होत्या. “पण एक आयक. होडयो गेल्यो, जाळी गेली. आता नाखव्याचा घर म्हणूक आमच्याकडे ह्या येकच रवला. छापशीत तेव्हा आमचो गाव पुसू नको.”

अनुजाने त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. देवगडला ती रेडीच्या आधी गेलेली; तेव्हा तिने रेडीची प्रत पाहिलेली नव्हती.

आता दोन्ही प्रती तिच्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या. अक्षर एकाच माणसाचं. देवगड म्हणावं तर रेडीवाल्यांशी आणि खरेपणाशी दगा. रेडी म्हणावं तर म्हातारीला दिलेला शब्द गेला. आणि ह्या दोन्हींहून वाईट अशी एक शंका मनात येऊन बसली होती, ती तिने कुणाला बोलून दाखवली नाही. बुवा ज्याच्या घरी जेवले त्याच्या गावाचं नाव घालून मोकळे झाले की काय? ज्यांच्या ओव्या वाचताना तिला देवापुढे बसल्यासारखं वाटायचं, ते यजमानांना खूश करत हिंडले असतील, ह्या कल्पनेने तिला जेवण गोड लागेना.

असं करत करत तिच्या मनात सुभद्राताई आल्या. कुडाळच्या सुभद्राताई तारू-आख्यान गातात, हे तिने ऐकलं होतं. वडिलांकडून तोंडी शिकलेल्या, कागद नाही, बाड नाही. अनुजाने फोन केला आणि सरळ विचारलं, त्या ओवीत बंदर कुठलं? ताईंनी पलीकडून सांगितलं की आख्यान फोनवर होत नसतं, माघात रेडीला कीर्तन आहे, ऐकायला ये.

अनुजा रेडीला गेली. सुभद्राताई म्हणजे ठेंगणी, गोरी, नऊवारी नेसलेली बाई. सत्तरीला टेकलेली, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणारी. पण एकदा गळ्यात झांजा अडकवल्या की दुखणं देवळाबाहेर. पूर्वरंगात त्यांनी नामाचा महिमा सांगितला, मध्ये हार आणि बुक्का झाला, आणि उत्तररंगाला तारू समुद्रात लोटलं. वादळ असं उभं केलं की पुढे बसलेल्या बायकांनी पदर सावरले. ओवी आली. ताईंनी सूर वर चढवला आणि गायल्या, ‘तारूं लागलें रेडी बंदरीं’. देवळात जो जयघोष झाला, त्यात अनुजाचाही आवाज होता.

दुसऱ्याच दिवशी तिने ग्लेनिशाला सांगून ‘रेडी’ टाकलं. तोंडी परंपरा आणि लेखी प्रत एक म्हणतायत, आणखी काय हवं? पण देवगडला फोन लावायचा धीर तिला होईना. मुस्तफाचाच आला. अम्मी विचारतायत, पुस्तक कुठवर आलं. अनुजाने होतंय, होतंय म्हणून वेळ मारून नेली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हातातल्या हातात फिरवत बसली.

चैत्रात सुभद्राताईंचं कीर्तन वैभववाडीला होतं. रेडीला, बुवा एकातून दुसरं आख्यान काढतात त्या जोडणीतल्या काही ओव्या अनुजाच्या हातून निसटल्या होत्या, त्या टिपून घ्याव्यात म्हणून ती गेली. बंदराचा प्रश्न सुटलाच होता. निदान तिच्या लेखी.

वैभववाडी म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव. समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा. बाजार आहे, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, समुद्र मात्र लांब पडला. कीर्तनाला बाजारातली दुकानं बंद करून आलेली माणसं, घाटावरून लग्न होऊन आलेल्या बायका, शेतावरून थेट आलेली मंडळी. त्यातल्या कितीकांनी आयुष्यात तारू पाहिलं नसेल. अनुजा खांबाला टेकून बसली आणि लिहू लागली.

ओवी आली. सुभद्राताईंनी झांज थांबवली, डोळे मिटले आणि सूर लावला:

‘तारूं लागलें वैभववाडी बंदरीं.’

अनुजाचं पेन थांबलं. तिने आजूबाजूला पाहिलं. कोणी हसेल, निदान कोणी कोणाला कोपराने ढोसेल. कोणी हसलं नाही. ताईंनी सूर सोडला नव्हता. तो सूर तसाच धरून त्या गद्यावर उतरल्या आणि सांगू लागल्या, की मंडळी, आज जिथं आपली गाडी थांबते ना, तिथंच दाऊद नाखव्याने नांगर टाकला. घाटातून वारा असा उतरत होता, शिडाच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि ह्या, ह्याच देवळातून टाळांचा आवाज गेला.

आणि तेव्हा एक गोष्ट झाली. अनुजाच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, टोपीवाले. त्यांनी मान वळवली आणि स्टेशनच्या बाजूला पाहिलं. त्यांच्या शेजारच्याने पाहिलं. बायकांतून दोघीचौघी वळल्या. तारू आलंय की नाही ते बघायला. मग ते गृहस्थ पुन्हा पुढे वळले, आणि टाळ्या वाजवू लागले. भजनातल्यासारख्या नव्हेत, जोरजोराने, हाताला लागेल अशा. सगळं देऊळ तसंच वाजवू लागलं. बाहेर कुणीतरी चुकलेलं आहे आणि आपला आवाज त्याला पोचला पाहिजे, अशा तऱ्हेने. अनुजाने वही बाजूला ठेवली. केव्हा ठेवली ते तिला कळलं नाही. आपल्या तळव्यांना झिणझिण्या आल्या तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपणही तसंच वाजवतो आहोत.

रेडीला तिने जयघोष केला होता तो बरोबर उत्तर सापडल्याचा. हे वेगळं होतं.

आरती झाली, प्रसाद झाला. सुभद्राताई पडवीत पाय लांब करून बसल्या होत्या आणि गुडघ्याला तेल चोळत होत्या. अनुजा त्यांच्या पायाशी बसली. विचारायचं एक होतं, तोंडातून निघालं भलतंच.

“ताई, वैभववाडीला समुद्र नाही.”

ताईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं हिला बातमी उशिरा कळली.

“म्हणान तर तारू हंयसर आणूचा लागला,” त्या म्हणाल्या. “समुद्र आसा थंय ता आपणहून लागता.”

“पण रेडीला तुम्ही रेडी म्हणालात.”

“मग रेडीत उभी रवान काय वैभववाडी म्हणू? लोकांनी टाळये कोणासाठी वाजवूचे?” ताई तेलाचा हात पदराला पुसत म्हणाल्या. “माझो बापूस सांगी, नाखवो बुडता तो दुसऱ्या गावात असलो तर माणूस गोष्ट आयकता. आपल्या गावात असलो तर उठान उभो रवता.”

एवढं बोलून त्यांनी, गाडी किती वाजता आहे गो तुझी, जेवून जा, इथली उसळ चांगली असते, असं सगळं सुरू केलं. त्यांच्या लेखी त्या बाबतीत आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं.

अनुजाने मोबाईल काढून मोडी पानाचा फोटो उघडला. शेकडो वेळा पाहिलेला. रेघ ‘लागलें’पासून निघून ‘बंदरीं’पर्यंत सरळ, न डगमगता गेली होती. खरवडल्याची खूण कुठेच नव्हती, कारण खरवडायला काही नव्हतंच. बुवांनी घरी बसून रेघ ओढली, आणि अक्षर गावात पोचल्यावर तोंडाने लावलं. म्हणजे हे बाड बुवांचं स्वतःचं, कीर्तनाला काखेत न्यायचं. त्यात जागा मोकळी. दुसऱ्याला लिहून दिली ती त्याच्या गावची. रेडीला रेडी, देवगडला देवगड. खोटं कुणालाच दिलं नव्हतं. जी जागा ती इतके दिवस भरायला निघाली होती, ती सगळ्या आख्यानातली सर्वांत जपून लिहिलेली जागा होती. ती फोटोकडे बघता बघता हसायला लागली, आणि हसता हसता तिला त्या बुवांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. माणूस केव्हाच गेला. पण त्या रेघेवर तिने बोट टेकवलं आणि नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी तिने ग्लेनिशाला सगळं सांगितलं. ग्लेनिशाने ऐकून घेतलं आणि कामाचं बोलली. शिरोरेघ अक्षराशिवाय उभी राहत नाही, कॉम्प्युटर ती अक्षराबरोबरच देतो. साधी आडवी रेघ टाकावी तर ती ओळीच्या मध्येच लोंबकळते. तिने एक रेघ घेतली, ताणली, उचलून अक्षरांच्या डोक्याशी नेऊन जुळवली. ‘लागलें’ची रेघ पुढे चालत गेली आणि ‘बंदरीं’ला जाऊन मिळाली.

“लोक म्हणतील, प्रेसची चूक,” ग्लेनिशा म्हणाली. मग स्वतःशीच थोडी थांबून म्हणाली, “म्हणू देत.”

खाली टीप द्यायची ठरली, ‘येथे वाचणाऱ्याने आपल्या गावाचे नाव घालावे.’ पुस्तक छापायला जायला तयार होतं. पण देवगडला दिलेला शब्द तसाच होता, आणि आता तर प्रश्न आणखी बिकट झाला होता. रेडी छापून देवगड पुसणं एक. आता तर ती ओवीतून सगळ्यांचीच नावं काढून टाकणार होती. जन्नतबी नाही म्हणाल्या, तर त्यांची प्रत परत करायची, ती पाठभेदांतून गाळायची आणि नाखव्याच्या घराशिवाय नाखव्याची गोष्ट छापायची. अनुजाने मनाशी ठरवलं होतं, त्या नाही म्हणाल्या तर तसंच करायचं, त्यांच्यावर पुस्तकाचा भार टाकायचा नाही. आणि तसं झालं तर पुस्तक अर्धं राहणार हेही तिला ठाऊक होतं.

देवगडला गेली तेव्हा हंगाम भरात होता. पडवीत आंब्यांचा घमघमाट, मुस्तफा पेट्यांवर शिक्के मारत होता, त्याची बायको नाझमीन गवताचे थर लावत होती. जन्नतबी आत खाटेवर. मुस्तफाने मॅडमना आधी आंबा कापा म्हणून हुकूम सोडला. अनुजाने तो नंतर म्हणून थोपवला. आधी बोलून घ्यावं, नाहीतर आंबा घशाखाली उतरायचा नाही.

तिने सगळं सांगितलं. रेडीची प्रत, ताईंचं कीर्तन, स्टेशनकडे वळलेल्या माना. काही लपवलं नाही. मुस्तफाला वैभववाडीचं तारू ऐकून हसू आवरेना. जन्नतबी हसल्या नाहीत.

“म्हणजे पुसलंस,” त्या म्हणाल्या.

अनुजाने मान खाली घातली. “नाव नाही छापत. पुसत नाही. तुम्ही नको म्हणालात तर तुमची प्रत मी आजच परत ठेवते.”

पडवीतलं शिक्क्यांचं खटखटणं थांबलं. मग म्हातारी म्हणाली, “सांगलंस ता कळला. आता वाचून दाखव. कशी छापतंस ती आयकू दे.”

अनुजाने छपाईआधीचे कागद काढले. कीर्तनकारासारखं तिला गाता येत नव्हतं. पण आयुष्यभर ऐकलेलं गळ्यात कुठेतरी असतंच. तिने सुरुवात केली. वादळ आलं, तारू चुकलं, बुवांनी आरती थांबवली. नाझमीन हातातलं गवत तसंच घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. ‘आरती राहिली तबकांतरीं, टाळ घुमती महाद्वारीं. तारूं लागलें…’ आणि अनुजा थांबली.

“देवगड,” जन्नतबी म्हणाल्या. डोळे मिटलेले होते. कुणी सांगावं लागलं नाही. शब्द आपसूक बाहेर आला.

“…बंदरीं,” अनुजाने ओवी पुरी केली.

म्हातारीने डोळे उघडले. पण ती अनुजाकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती.

“तू काय म्हटलंस गो?”

नाझमीन दचकली. “काय नाय, अम्मी.”

“ओठ हालले तुझे.”

नाझमीनने मुस्तफाकडे पाहिलं, अनुजाकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाली, “आचरा.”

आचरा हे तिचं माहेर. इतकी वर्षं ह्या घरात नांदून, ह्याच घराची गोष्ट ऐकताना तिचं तारू आपसूक तिकडे वळलं होतं. मुस्तफा म्हणाला, “घेवा. इतक्या वर्षांनी आमचा तारू सासरवाडीक नेल्यान,” आणि हसला, पण आईचा चेहरा बघून गप्प झाला.

जन्नतबी सुनेकडे बघत होत्या, नवीन माणसाकडे बघावं तशा. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते अनुजाला कळण्यासारखं नव्हतं. एवढं तिला दिसलं, की खाटेच्या कडेवर आवळलेली त्यांची बोटं हळूहळू सैल झाली.

“माझी आवस रत्नांग्रीची,” त्या आपल्या आईबद्दल म्हणाल्या. “ती ही गोष्ट सांगी तेव्हा देवगड म्हणी. मोठ्यान म्हणी, सासू आयकता म्हणान. मनात खंय लावी तारू, ता माका कधी विचारूकच सुचला नाय.”

मग त्यांनी अनुजाला, ती ओवी परत म्हण, म्हणून सांगितलं, आणि सुनेला हाताने जवळ बोलावून खाटेवर बसवलं.

“आता तू म्हण. ओठांत नको. नाखव्याक आयकूक येवक व्हया.”

अनुजाने पुन्हा म्हटली. थांबली. नाझमीनने पदर डोक्यावर सारखा केला आणि खणखणीत म्हणाली, “आचरा.”

जन्नतबींनी मान हलवली. अनुजाने ओवी पुरी केली. मग अनुजाच्या हातातले कागद घेऊन त्यांनी ती ओळ डोळ्यांजवळ नेली. अक्षरं त्यांना दिसत होती की नाही कोण जाणे. बोट मात्र बरोबर त्या रेघेवर गेलं.

“छाप,” त्या म्हणाल्या. “पण ही रेघ आखूड केलंस गो. देवगड मावात, आचरा मावात. लांब नावाचे गाव पण आसत. त्यांचा तारू काय खाडीच्या तोंडावर अडकवन ठेवतलंस?”

अनुजाने तिथूनच ग्लेनिशाला फोन लावला आणि रेघ वाढवायला सांगितली. किती वाढवू, असं पलीकडून विचारणं आलं. इकडे जन्नतबी आणि नाझमीन दोघी मिळून लांबात लांब नावाचा गाव कुठला ते आठवत होत्या, मुस्तफा पडवीतून त्यांना नावं पुरवत होता, आणि कोणाचंच दुसऱ्याशी जमत नव्हतं. अनुजाने फोन तसाच त्यांच्या दिशेने धरला, म्हणजे ग्लेनिशालाही ऐकू जावं.